व्हेनिस: गर्दी मोजली, आवरणार कोण?
एका दिवसापुरत्या येणाऱ्या पर्यटकांकडून ठराविक दिवशी ५ युरो प्रवेशशुल्क घेण्यास व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ रोजी प्रारंभ केला. ऑनलाइन नोंदणी, क्यूआर कोड आणि कॅमेरे व मोबाइलच्या माहितीवरून गर्दीचा अंदाज घेणारा नियंत्रण कक्ष, अशी यंत्रणा सज्ज आहे. २०२५ मध्ये शुल्काचे दिवस २९ वरून ५४ झाले. ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यांस १० युरोंचा भुर्दंड बसला. मात्र पर्यटकसंख्येला कमाल मर्यादा घातली गेली नाही. परिणामी यंत्रणा गर्दी मोजते, रोखत नाही. जुन्या शहरात ५० हजारांहून कमी रहिवासी उरले असताना, किती पाहुणे पुरे, हे यंत्र ठरवू शकत नाही. तो निर्णय राजकीयच असतो.