काउंटरमागचा सांगाडा

पुस्तकव्यवहारावर मराठीत विनोद झालाच नाही, असे कोणी म्हणणार नाही. केशवराव कोठावळे यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या 'ललित' मासिकात जयवंत दळवी यांनी 'ठणठणपाळ' या नावाने लेखक-प्रकाशकांची यथेच्छ फिरकी घेतली आणि वसंत सरवटे यांनी त्या नावाला रेषांचा चेहरा दिला. मासिक पुस्तकविक्रेत्याच्या घरचे. विनोद मात्र लेखकांच्या वर्तुळातला. दुकानात दिवसभर उभ्या असणाऱ्या माणसाचे हसू त्यात कुठे होते?

हा प्रश्न पडण्याचे कारण एक जपानी चित्रकथा, 'गाइकोत्सु शोतेनइन होंदा-सान'. 'गाइकोत्सु' म्हणजे सांगाडा, 'शोतेनइन' म्हणजे पुस्तकाच्या दुकानातला नोकर. होंदा हे टोपणनाव घेतलेल्या चित्रकाराने आपल्या नोकरीचे अनुभव चार खंडांत मांडले. २०१८ मध्ये त्यांवर अॅनिमेशन मालिकाही निघाली. यात होंदा स्वतः हाडांचा सांगाडा आहे आणि सहकाऱ्यांचे चेहरेही झाकलेले आहेत. मुलीसाठी पुरुषांमधील प्रेमाच्या चित्रकथा शोधत एक परदेशी बाप येतो, तेव्हा तो निर्धास्त असतो. घाम फुटतो तो सांगाड्याला. गिऱ्हाइकाचा पाणउतारा न करता स्वतःच्या तारांबळीवर हसणे, हे या विनोदाचे मर्म. मुखवट्यामुळे ती तारांबळ एकट्या होंदाची न राहता त्या पेशाची होते.

आमच्या माणगावात पुस्तकाचे दुकान म्हटले की वह्या, गाइड आणि जूनमधली झुंबड डोळ्यांसमोर येते. "दुसऱ्या वर्षाचं मराठी, निळं कव्हर," एवढ्या खुणेवर नेमके पुस्तक काढून देणारा माणूस तिथे असतो. सूची, अभ्यासक्रम, विद्यार्थ्याची ऐपत, सारे त्याच्या डोक्यात असते. तरीही वाचनसंस्कृतीवरील परिसंवादांत लेखक असतो, प्रकाशक असतो, आम्ही प्राध्यापक तर असतोच. त्याला मात्र खुर्ची नसते.

पुस्तकाचे नाव ठाऊक असेल तर ते आज घरपोच मिळते. ज्याला नावच ठाऊक नाही, त्या वाचकाला अजूनही हाच माणूस लागतो. तो दुकानातून गेला की दुकान उरेल, पण कदाचित केवळ वह्यांचे.

ठणठणपाळाने लेखकांना आरसा दाखवला. आता काउंटरमागच्या कुणीतरी लेखणी उचलावी. मुखवटा हवा तर खुशाल घ्यावा. अनुभव तेवढा त्याचा स्वतःचा असावा.