अपिलाचे दार कोणासाठी?

तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात जमिनीचा दावा हरलेल्या शेतकऱ्याला जिल्हा न्यायालयात अपील करण्यास ३० दिवस मिळतात. प्रमाणित नक्कल मिळण्यास लागलेला काळ त्यातून वगळला जातो. पण हे त्याला सांगावयाचे कोणी? मुदत हुकली की गुणदोषांचा विचार दूर राहून विलंबमाफीचा अर्जच लढवावा लागतो. १९८७ साली अनंतनाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा अर्जांबाबत उदार दृष्टी सांगितली खरी. परंतु तेथे चार दिवसांची माफी मिळाली ती भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याविरुद्ध अपील करणाऱ्या सरकारला!

दुसऱ्या अपिलाची वाट १९७६ च्या दुरुस्तीने अरुंद झाली. कायद्याचा सारभूत प्रश्न असेल तरच उच्च न्यायालय ते ऐकते. चांगल्या वकिलाअभावी पुराव्यात राहिलेली उणीव तेथे सहसा भरून निघत नाही.

मोफत कायदेविषयक साहाय्याचे कलम ३९-अ मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि ही तत्त्वे न्यायालयामार्फत बजावून घेता येत नाहीत, असे कलम ३७ सांगते. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात हे साहाय्य कलम २१ च्या कक्षेत आले, ते आरोपींसाठी. दिवाणी पक्षकाराची भिस्त १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यावर. पण तो कायदा त्याला ठाऊक तर हवा!

२०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी निकालपत्रांना अशा साहाय्याची माहिती देणारे पान जोडण्याची सूचना उच्च न्यायालयांना केली. तेच पान, मुदतीच्या तारखेसह आणि मराठीत, प्रत्येक दिवाणी निकालालाही जोडले जावे, अशी आमची मागणी आहे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. एक परिपत्रक पुरेल.