मामांची वेलांटी आणि माझा कंट्रोल-डी

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडताना विचार करायला भरपूर वेळ मिळतो. गाडी हलतच नाही ना! या शुक्रवारी मात्र नुसती चरफड चालली होती. झालं असं...

आमच्या टीमचं एक अंतर्गत टूल आहे, त्यात एक छोटा एडिटर आहे, आणि तो सध्या माझ्या गळ्यात आहे. त्यात कंट्रोल-डी दाबलं की ओळीची दुसरी प्रत व्हायची. माझा हात कॉलेजपासून इक्लिप्सवर बसलेला. तिथे कंट्रोल-डी म्हणजे ओळ उडवा. म्हणून गुरुवारी मी ते बदलून टाकलं आणि रिलीज नोटमध्ये एक ओळ खरडली. शुक्रवारी दुपारी टेस्टिंगमधल्या एक सीनियर ताई थेट माझ्या डेस्कशी हजर. सवयीने प्रती काढायला गेल्या, तर एकेक ओळ उडत गेली, आणि फाइल सेव्ह करून बंद केल्यावर ते लक्षात आलं. सकाळभराचं काम पाण्यात.

"ताई, रिलीज नोटमध्ये लिहिलं होतं," मी म्हटलं.

"अरे, बोटं काय रिलीज नोट वाचतात का?"

मला राग आला. शॉर्टकट आपल्या सोयीने लावून घ्यायचे नाहीत तर काय? माझा डिफॉल्ट जास्त बरोबर आहे, लोकांनी शिकावं, असंच मला वाटत होतं.

शनिवारी पौडला मामांकडे गेलो. मामा तिथे टायपिंगचं काम करतात: अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार. टाइपरायटरवर शिकले, मग कॉम्प्युटरवर आले, पण कीबोर्ड तोच, रेमिंग्टनचा. महिन्यापूर्वी मीच त्यांना नवा लॅपटॉप दिला होता आणि त्यावर मोठ्या उत्साहाने इन्स्क्रिप्ट लावून दिलं होतं. शास्त्रशुद्ध कीबोर्ड आहे मामा, सरकारी मानक आहे, आठवड्यात सवय होईल वगैरे.

बाहेर चार जण बसले होते आणि मामा एका बोटाने अक्षरं शोधत होते. गिऱ्हाईक गेल्यावर मला हळूच म्हणाले, "भाचेबुवा, माझं वय झालं का रे? पूर्वी बोलता बोलता पान व्हायचं."

मंडळी, मला कसंतरीच झालं. वय झालं नव्हतं. मामांचा कंट्रोल-डी मी बदलला होता.

इन्स्क्रिप्ट वाईट आहे का? अजिबात नाही. 1986 मध्ये आखलेली आणि 1991 च्या आयएस 13194 या मानकात आलेली ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि मराठीत आलं की बंगाली, कन्नडही त्याच जागांवर. तर्कात रेमिंग्टन तिच्या जवळपासही नाही. पण टाइपरायटरवर अक्षर जसं दिसतं तसं उमटवायचं असतं. 'कि' लिहायचं तर पहिली वेलांटी आधी, मग क. इन्स्क्रिप्टमध्ये उच्चाराच्या क्रमाने क आधी, मग वेलांटी. मामांची बोटं वेलांटी आधी मारत होती, आणि पडद्यावर ती एका ठिपक्यांच्या गोलाला लटकत होती. दर दुसऱ्या शब्दाला.

आपल्या धंद्यात तरी काय वेगळं आहे? बिल जॉयने 1976 च्या आसपास व्हीआय लिहिला. त्याच्या एडीएम-3ए टर्मिनलवर बाण एच, जे, के, एल या कळांवर छापलेले होते, म्हणून कर्सर त्या कळांनी हलू लागला. ते टर्मिनल कधीच भंगारात गेलं, पण आजही व्हिममध्ये कर्सर त्याच कळांनी हलतो. (इन्स्क्रिप्ट चालू ठेवून व्हिममध्ये गेलात तर त्या कळांवर प, र, क, त येतात आणि कर्सर जागचा हलत नाही. करून बघा :) आणि कंट्रोल-डी? इक्लिप्समध्ये ओळ उडते, इंटेलिजेमध्ये दुसरी प्रत होते, व्हीएस कोडमध्ये तोच शब्द पुढे कुठे आहे ते निवडलं जातं. यात बरोबर कुठलंच नाही. ज्याचा हात जिथे बसला ते त्याचं बरोबर.

मग काय, जुनं तेच धरून बसायचं? तेही नाही. मामांकडे जुन्या फॉन्टमधले शेकडो मसुदे आहेत. फॉन्ट नसेल तर उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. एखादं नाव शोधायचं म्हटलं तरी सापडत नाही. तिथे सवय जपण्याच्या नादात मजकूरच अडकून पडला. म्हणून माझं मत आता असं झालंय: सवय जपा, साठा बदला. बोटांखाली काय आहे ते माणसाचं खाजगी. फाइलमध्ये काय आहे ते सगळ्यांचं, ते मानकाप्रमाणेच हवं.

या सगळ्यांच्या साठ्यातही मागचं मोडायचं नाही हे युनिकोडवाल्यांनी कसं सांभाळलंय बघा. आपला 'ऱ्या'. तो नसेल तर 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' एकच व्हायचे. तो लिहायचा रीतसर मार्ग म्हणजे नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. पण युनिकोड 2.0 मध्ये साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक असं लिहिलं जायचं, आणि ते मजकूर बिघडू नयेत म्हणून तोही मार्ग चालूच ठेवला. याची किंमत आहे. 'वऱ्हाडे' दोन तऱ्हांनी साठवलेलं असू शकतं, दिसायला सारखंच, पण साध्या शोधात एक सापडतं आणि दुसरं नाही. ती डोकेदुखी मात्र सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने सोसायची, लिहून ठेवणाऱ्याने नाही. हे वाटप मला पटतं.

मामांच्या लॅपटॉपवर रेमिंग्टन रचना लावून दिली, पण खाली युनिकोडच. वेलांटी ते आधीच मारतात, तिला योग्य जागी बसवणं सॉफ्टवेअरचं काम. दहा मिनिटांत झालं. महिन्यापूर्वीही दहाच मिनिटं लागली असती. चहा येईपर्यंत त्यांचं अर्धं पान झालं होतं.

सोमवारी कंट्रोल-डी पूर्ववत होईल. माझ्यासारख्यांसाठी सेटिंगमध्ये एक इक्लिप्सचा पर्याय टाकतो, ज्याला हवा त्याने निवडावा. आणि ताईंना चहा पाजायचा आहे. गेलेल्या ओळी त्याने परत येणार नाहीत, पण असो.