जुनी, नवी की सजवलेली?

हौसेला मोल नसते म्हणतात. मोटारीच्या हौसेला तर मतांचाही तोटा नसतो! चार गाडीवेडे एकत्र आले की चहा थंड होतो आणि वाद तापतो. एकाला आजोबांची फियाट प्राणप्रिय, दुसऱ्याला शोरूममधली कोरी करकरीत गाडी, तर तिसऱ्याला कंपनीने दिलेली कोणतीच गाडी जशीच्या तशी पसंत पडत नाही.

जुन्या गाडीच्या भक्तांचे म्हणणे साधे आहे. ॲम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनीचे बोनेट उघडले की सगळे यंत्र डोळ्यांना दिसते. कार्ब्युरेटर साफ करणे, प्लग बदलणे ही कामे गल्लीतला मिस्त्रीही करतो. शिवाय नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर दारात आलेल्या गाडीची माया काही वेगळीच! ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये निवृत्त झाल्या, तेव्हा ज्यांच्याकडे कधी गाडी नव्हती त्यांनाही चुटपुट लागली.

नव्या गाडीचे समर्थक मात्र विचारतात, धडक बसली तर काय? जुन्या गाडीचा पत्रा जाड, म्हणून ती सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. नव्या गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरगळावा अशाच बेताने बनवलेला असतो. धक्क्याचा बराचसा जोर तिथे खर्ची पडतो आणि आतल्या माणसांभोवतीचा सांगाडा शाबूत राहण्यास मदत होते. पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग आता सक्तीच्या आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून धडक-चाचणी घेऊन गाड्यांना तारे देणारी ‘भारत एनकॅप’ योजनाही सुरू झाली आहे. हे संरक्षण जुन्या गाडीत नाही.

तिसऱ्या गटाचा खाक्या निराळा. रुंद टायर, गडगडणारा सायलेन्सर, पुढे लोखंडी गार्ड. ‘पैसे आमचे, गाडी आमची!’ इथे कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. सीएनजी किट बसवता येते, पण ते मान्यताप्राप्त हवे आणि आरसी बुकात त्याची नोंद हवी. लोखंडी गार्डला तर २०१७ पासूनच मनाई आहे. पादचाऱ्याला त्याचा मार जबर बसतो आणि धडकेच्या वेळी एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो.

जुन्या गाडीलाही नियम आहेतच. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते; दिल्ली परिसराचे नियम आणखी वेगळे आहेत. २०२१ च्या नियमानुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून खास नोंदणी मिळते. पण मग ती प्रदर्शन, रॅली अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या कामासाठी नाही. मारुती ८०० रस्त्यावर आली ती १९८३ च्या डिसेंबरात. म्हणजे तिच्या चाहत्यांना २०३३ चा डिसेंबर उजाडेपर्यंत वाट पाहणे आले!

मग घरातल्या जुन्या गाडीचे करायचे काय? विकू नका, जपा. इंधनाच्या रबरी नळ्या आणि ब्रेक वेळच्या वेळी तपासून घ्या, कारण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर लवकर खराब होऊ शकते. रविवारी सकाळी गावात एक फेरी मारा. पण मुलाबाळांना घेऊन महामार्गावर निघायचे असेल, तर एअरबॅगवाली गाडीच काढा. आणि सजावटीची हौस असेल तर सीट कव्हर बदला, हवी ती गाणी लावा. चाके, दिवे आणि सायलेन्सर मात्र कंपनीने दिले तसेच असू द्यावेत. गाडी आपली असली, तरी रस्ता सगळ्यांचा आहे.