शाळेने बाहेर काढले, त्यांनी शाळाच काढली

सप्टेंबर जवळ आला की मुले आमच्याकडे भाषण लिहून मागू लागतात. डॉ. राधाकृष्णन यांच्यावर दहा ओळी, सावित्रीबाईंवर दहा ओळी, की झाला शिक्षक दिन. पण नागपूरच्याच एखाद्या जुन्या शिक्षिकेचे नाव विचारले तर वर्ग गप्प बसतो. म्हणून या महिन्यात आम्ही जाईबाई चौधरी यांची आठवण काढणार आहोत. त्या आपल्या धर्माच्या नव्हत्या. तरीही त्यांची हकीकत मुस्लिम घरांत वाचली जावी, असे आम्हाला मनापासून वाटते. का, ते पुढे येईलच.

जाईबाईंचा जन्म १८९२ सालचा, उमरेडच्या एका महार कुटुंबातला. १८९६ च्या दुष्काळात हे कुटुंब गाव सोडून नागपूरला आले. १९०१ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, बापूजी चौधरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. घरात गरिबी होती, म्हणून जाईबाईंनी हमाली धरली. नागपूर ते कामठी त्या ओझी वाहत. आज कामठीला जायचे तर आपण बसची वाट पाहतो आणि बस उशिरा आली की कुरकुर करतो. नागपूरचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कष्टाची वेगळी कल्पना द्यायला नको.

पुढे ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंशी त्यांची ओळख झाली. त्यांच्या मदतीने जाईबाईंना मिशनच्या शाळेत शिकवण्याचे काम मिळाले. पगार महिना चार रुपये. डोक्यावर ओझे वाहणारी बाई खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभी राहिली.

हे फार दिवस टिकले नाही. बाई 'अस्पृश्य' आहेत हे कळल्यावर सवर्ण पालकांनी शाळेवर बहिष्कार टाकला आणि जाईबाईंना नोकरी सोडावी लागली.

या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबावे. जाईबाईंना वर्गातून कोणी काढले? सरकारने नाही, संस्थेच्या एखाद्या नियमाने नाही. पालकांनी काढले. बाई शिकवतात कसे, मुलांना वाचता येऊ लागले की नाही, हे कोणी विचारले नाही. बाई कोणाच्या आहेत, एवढेच विचारले गेले.

जाईबाईंच्या जागी दुसरी कोणी असती तर पुन्हा हमालीकडे वळली असती आणि तिला कोणी नावे ठेवली नसती. जाईबाईंनी शिकवणे सोडले नाही. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात मुलींसाठी स्वतःची शाळा काढली आणि तिला संत चोखामेळ्याचे नाव दिले. विठ्ठलाचे नाव घेत आयुष्य काढूनही ज्यांना देवळाच्या दाराबाहेर उभे राहावे लागले, ते चोखोबा. ज्या मुलींना शाळेचे दार बंद होते, त्यांच्या शाळेला यापेक्षा योग्य नाव कोणते असणार?

अपमान मात्र तिथे संपला नाही. १९३७ च्या डिसेंबरमध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. स्त्रियांच्या उन्नतीसाठी शिकल्यासवरलेल्या स्त्रियांनी भरवलेले अधिवेशन. तिथे जाईबाईंना जेवायला वेगळे बसवण्यात आले. तोपर्यंत त्यांना स्वतःची शाळा काढून पंधरा वर्षे झाली होती. त्यांच्या समाजातल्या स्त्रिया हे मुकाट्याने गिळून बसल्या नाहीत. १९३८ च्या सुरुवातीला त्यांनी निषेधाची सभा घेतली. ज्या बाईंनी मुलींना अक्षरे दिली, त्यांच्यासाठी बायका उभ्या राहिल्या, ही या हकीकतीतली आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

आता आपल्याकडे वळू. आपल्या दीनमध्ये शिक्षकाची जात विचारायला जागा आहे का? बद्रच्या लढाईनंतर मक्केचे कैदी मदीनेत आले. त्यांतल्या ज्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांच्यासाठी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी ठरवलेली सुटकेची किंमत प्रसिद्ध आहे: मदीनेच्या दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटून जावे. हे लोक श्रद्धावंत नव्हते. कालपर्यंत तलवार घेऊन समोर उभे होते. तरी मुलांना त्यांच्यासमोर बसवण्यात कमीपणा मानला गेला नाही. आणि शिकवण्याचे काम पुरुषांपुरते नव्हते. हजरत शिफा बिन्त अब्दुल्लाह (रजि.) यांनी हजरत हफ्सा (रजि.) यांना लिहायला शिकवल्याचे हदीसच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. प्रेषितांच्या घरात शिक्षिकेला हा मान होता.

हे सगळे आपल्याला पाठ आहे. तरीही बिरादरीचा प्रश्न आपल्या घरांतून गेलेला नाही. नवीन बाई शाळेत आल्या की त्या कोणत्या बिरादरीच्या, कोणत्या मसलकच्या, ही चौकशी आधी होते. मराठी शिकवणाऱ्या बाई दुसऱ्या धर्माच्या असल्या तर काही घरांत मुलांच्या देखत नको ते बोलले जाते. आपण बहिष्कार टाकत नाही हे खरे. पण रात्री दस्तरखानावर बाईंबद्दल निघालेला एक हलका शब्द सकाळी मुलाबरोबर वर्गात पोहोचतो. ज्याच्या मनातून शिक्षक उतरला, त्याच्या मनात त्या शिक्षकाचा धडा उतरत नाही. वर्गात उभे राहणाऱ्या आम्हा सर्वांना हे रोज दिसते.

दुसरी गोष्ट आठवणीची. पुण्यात सावित्रीबाईंच्या बरोबरीने काम करणाऱ्या फातिमा शेख यांचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो वाटलाच पाहिजे. पण त्यांच्याविषयी खात्रीने सांगता येईल असे हाती किती उरले आहे? १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांचा उल्लेख येतो. आपण आजारपणात माहेरी असल्याने फातिमावर कामाचा भार पडत असेल, पण ती तक्रार करणार नाही, अशा अर्थाचा. हे पत्र जपले गेले नसते तर एका शिक्षिकेची केवढी साक्ष आपण गमावली असती!

जाईबाईंचेही तसेच झाले असते. पण उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या हकीकती शोधून, घरोघरी जाऊन, बायकांशी बोलून लिहून काढल्या. 'आम्हीही इतिहास घडवला' हे त्यांचे पुस्तक १९८९ मध्ये निघाले. अशा कामामुळेच हमाली करणारी एक बाई आज आपल्याला शिक्षिका म्हणून माहीत आहे.

मोमीनपुऱ्यात, ताजबागेत, कामठीत अशा किती उस्तानी होऊन गेल्या असतील! कुणी दालनात चटई टाकून मुलींना नाजरा आणि त्याबरोबर उर्दूची अक्षरे शिकवली. कुणी नगरपालिकेच्या शाळेत तीस वर्षे पहिलीचाच वर्ग घेतला. त्यांचे ना पत्र आहे, ना पुस्तक. त्यांच्या हातून शिकलेल्या आजी आणि खाला मात्र अजून घरात आहेत.

म्हणून भगिनींनो, एक काम करा. या जुम्म्याला घरातल्या मोठ्यांजवळ बसा आणि तीन गोष्टी विचारा: तुम्हाला पहिले अक्षर कोणी शिकवले? ते कुठे बसून शिकवत? त्यांना त्याबद्दल काय मिळत असे? उत्तर मुलांच्या हातून वहीत लिहून घ्या, साल आठवत असेल तर सालासह. त्या बाई हयात असतील तर मुलांना घेऊन सलाम करायला जा. त्या दुसऱ्या धर्माच्या असल्या तरी जरूर जा. यंदाच्या शिक्षक दिनाला मुलांनी भाषण करायचे तर त्या वहीतूनच करावे.

अल्लाह आपल्या मुलींना चांगले शिक्षक देवो आणि आपल्याला त्यांची कदर करण्याची तौफीक देवो. आमीन.