चौदा दिवस आणि जन्मभर

आमच्या मंडळाच्या वाचनालयात रविवारी सकाळी जी मंडळी जमतात, त्यांच्यात मध्यंतरी एक वाद झडला. निमित्त झाले अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील बंद केलेली पहिली अणुभट्टी पुन्हा चालू करण्याच्या, २०२४ साली जाहीर झालेल्या बेताचे. अणुवीजकेंद्रांना जाणती माणसे हवी आहेत आणि अमेरिकन आरमारातून शिकून बाहेर पडणारे तरुण हे अशा माणसांचे जुने आगर आहे, येथवर सर्वांचे एकमत होते. मग कोणी तरी विचारले, अमली पदार्थाच्या प्रकरणात आरमाराने ज्याला काढून टाकले, त्याचे काय? त्यावर आमचे एक विद्वान सन्मित्र ताडकन उद्गारले, "त्याला फाटकाशीसुद्धा उभे करू नये!" मंडळी हसली, चहा आला, विषय संपला. आमच्या मनातून मात्र तो संपला नाही; म्हणून हा लेखनप्रपंच.

हा तरुण असतो कोण? साउथ कॅरोलायना राज्यात गूस क्रीक येथे आरमाराचे अणुशक्ती विद्यालय आहे. आपापल्या शाखेचे प्राथमिक शिक्षण संपवून मुले तेथे येतात. सुमारे सहा महिने गणित, पदार्थविज्ञान, अणुभट्टीची तत्त्वे आणि किरणोत्सर्गापासून संरक्षण यांचा अभ्यास होतो. पुढे जवळजवळ तितकाच काळ शिक्षणासाठी राखलेल्या, प्रत्यक्ष चालणाऱ्या अणुभट्टीवर हात बसवून घेतला जातो. १९५५ साली 'नॉटिलस' ही पाणबुडी अणुशक्तीच्या बळावर प्रथम समुद्रात निघाली, तेव्हापासून ही शिस्त चालत आली आहे. ज्या वयात आमच्याकडील पदवीधर स्पर्धापरीक्षांच्या खेपा घालीत असतो, त्या वयात ही पोरे पाण्याखाली भट्टी सांभाळतात. आणि अशातलाच एखादा, रजेवर असताना, एका रात्री गांजाची चिलीम ओढतो व पुढच्या मूत्रतपासणीत सापडतो.

आरमार त्याला ठेवीत नाही. १९८१ च्या मे महिन्यात 'निमिट्झ' या विमानवाहू नौकेवर विमान कोसळून चौदा माणसे दगावली. मृतांपैकी काहींच्या शरीरात गांजाचे अंश मिळाले. अपघात गांजामुळे घडला असे काही ठरले नाही, पण त्यानंतर आरमाराने या बाबतीत तीळमात्र क्षमा न करण्याचे धोरण अंगीकारले. त्या कठोरपणाविषयी आमची तक्रार नाही. २०१८ साली जपानमधील योकोसुका येथे असलेल्या 'रोनाल्ड रेगन' नौकेच्या अणुभट्टी-विभागातील नाविकांवर एलएसडीच्या प्रकरणी कारवाई झाली, ती योग्यच झाली. ज्याच्या हाती भट्टी, त्याचे डोके ठिकाणावर असले पाहिजे. आमचा प्रश्न त्यानंतरचा आहे: त्या मुलाने उरलेले चाळीस वर्षांचे आयुष्य कोणत्या दाराशी उभे राहून काढावयाचे?

सेवामुक्तीचे तेथे पाच प्रकार आहेत. सन्मान्य, त्याखालोखाल सर्वसाधारण, मग 'सन्मान्येतर' शेऱ्याची, आणि शेवटच्या दोन, गैरवर्तनाची व अप्रतिष्ठेची, या लष्करी न्यायालयाच्या शिक्षेनेच होतात. तपासणीत सापडलेल्या नाविकाच्या वाट्याला बहुधा 'सन्मान्येतर' येते. ती प्रशासकीय कारवाई असते, गुन्ह्याची शाबिती नव्हे. परंतु 'डीडी-२१४' नावाच्या दाखल्यावर तो शेरा छापला जातो, आणि नोकरीसाठी जाईल तेथे तो दाखला मागितला जातो. शेरा बदलून मागण्यासाठी पुनर्विचार मंडळाकडे अर्ज करता येतो, त्याला पंधरा वर्षांची मुदत आहे; पण मागितले म्हणजे मिळाले असे थोडेच आहे!

आता आमच्या सन्मित्रांनी जरा लक्ष द्यावे. अमेरिकेतील अणुवीजकेंद्रांवर देखरेख करणाऱ्या आयोगाचा 'कामास योग्यता' ठरविणारा नियम १९८९ साली प्रसिद्ध झाला, १९९० पासून अमलात आला आणि २००८ साली त्याची नव्याने मांडणी झाली. केंद्रात मोकळेपणी वावरण्याचा परवाना प्रथमच मागणाऱ्याने मागील पाच वर्षांतील आपला अमली पदार्थांशी आलेला संबंध स्वतः लिहून द्यावयाचा असतो. मागील तीन वर्षांच्या नोकरीची चौकशी होते, आणि लष्करी सेवा ही त्या हिशेबात नोकरीच. काही आढळले, तर अर्ज फेकून द्या असे नियम म्हणत नाही. तज्ज्ञाकडून त्या माणसाची आजची योग्यता तपासून घ्या, चाचणी घ्या, ती निर्दोष निघाली आणि कामावर घेतलेत तर पुढेही अवचित तपासत राहा, असे तो सांगतो.

याच नियमातील शिक्षांची उतरंड तर विलक्षण बोलकी आहे. केंद्रात काम करणारा मनुष्य प्रथम चाचणीत सापडला, तर त्याचा परवाना निदान चौदा दिवस जातो. पुन्हा सापडला तर पाच वर्षे. मात्र ज्याने चाचणीच चुकविली किंवा नमुन्यात लबाडी केली, त्याला दार कायमचे बंद! गांजाला चौदा दिवस आणि लबाडीला जन्मभर, असा हा हिशेब आहे. तो मांडणारी माणसे आमच्या सन्मित्रांपेक्षा अणुभट्टीला कमी भीत असतील, असे आम्हांस वाटत नाही.

मग अडते कोठे? कंपन्यांना या नियमाहून अधिक कडक होण्याची मुभा आहे. अर्जांच्या ढिगाशी बसलेल्या कारकुनाला (हा आमचाच जातभाई!) तज्ज्ञ बोलावण्यापेक्षा 'सन्मान्येतर' हा शब्द पाहून कागद बाजूला सारणे सोपे जाते. ज्या तपासणीत तो तरुण कदाचित उत्तीर्ण झाला असता, ती व्हावयाचीच राहते. केंद्रात काम करीत असताना तोच गांजा ओढला असता तर परतीची वाट नियमाने ठेवलेली होती. आरमारात ओढला म्हणून ती वाट टेबलावरच बंद झाली. या भेदाला कोणते शास्त्र आहे, ते आम्हांस कोणी समजावून द्यावे.

"पण धोका?" असे विचारले जाईल, आणि ते रास्तही आहे. तेव्हा धोक्याचा इतिहासच उघडू. २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या भट्टीचा गाभा वितळला, तेव्हा नियंत्रणकक्षातील चारही चालक आरमारातून आलेले होते. नशेचा तेथे संबंध नव्हता. एक झडप उघडी अडकली होती आणि समोरचा दिवा ती मिटल्याचा भास निर्माण करीत होता. तशीच झडप १९७७ च्या सप्टेंबरात ओहायोतील डेव्हिस-बेसी केंद्रात अडकली होती. त्या घटनेचा धडा वेळीच इतर केंद्रांतील चालकांपर्यंत पोचला नाही. १९८७ साली पेनसिल्व्हेनियातील पीच बॉटम केंद्र आयोगाने बंद करविले, ते चालक कामावर झोपतात म्हणून. कोणाला काही ठाऊक असून ते पुढे जात नाही, किंवा सारे पाहतात आणि कोणी बोलत नाही, तेथे अणुभट्टी खरी घात करते. अशा जागी ज्याने आपली चूक आपल्या हाताने लिहून दिली, त्या माणसाला निदान दाराशी बसवून त्याचे म्हणणे ऐकावयास हवे. त्याला हाकलून दिले की त्याच्या मागे रांगेत उभा असलेला दुसरा काय शिकतो? तोंड मिटावयास शिकतो.

हे आम्ही हवेतले बोलत नाही. गेली दहा-बारा वर्षे आमची दुपार केंद्र सरकारच्या एका कचेरीत उमेदवारांची साक्षांकन-पत्रे चाळण्यात जाते. त्या पत्राच्या माथ्यावरच बजावलेले असते की खोटी माहिती देणे वा खरी दडविणे ही अपात्रता समजली जाईल. तरी पोरे दडवितात. का दडवितात, हे आम्हांस त्यांच्या अक्षरावरून कळते: 'होय' लिहिण्यासाठी टेकविलेली लेखणी उचलून पुढे 'नाही' लिहिलेले असते. गावातल्या एखाद्या हाणामारीत नाव आलेल्या मुलाला खरे लिहून काय मिळते, ते त्याने थोरल्या भावाच्या बाबतीत पाहिलेले असते. २०१६ साली अवतार सिंग यांच्या प्रकरणात आमच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दडविलेली गोष्ट क्षुल्लक असेल, तर तिच्याकडे कानाडोळा करण्याचा विचार सरकारला करता येतो; आणि उमेदवाराने खरे सांगितले तरी त्याला नेमलेच पाहिजे, असेही नाही. निर्णय समतोल आहे. तो वाचण्याचे कष्ट किती टेबले घेतात, हे मात्र न विचारलेले बरे.

अमेरिकेतल्या त्या तरुणाला काही शहाणे सुचवितात की आरमारातली ती वर्षे अर्जातून गाळून टाक. यासारखा घातक सल्ला नाही. एका केंद्राने नाकारल्याची नोंद दुसऱ्या केंद्राला दिसते. दडविलेले उघडकीस आले की त्याचा विश्वासार्हपणाच गेला, आणि त्या धंद्यात विश्वासार्हपणा ही पहिली पात्रता. त्याने दाखला स्वतः पुढे ठेवावा, त्यासोबत उपचारांचे व पुढच्या वर्षांतील निर्दोष चाचण्यांचे कागद जोडावेत, आणि दीड-दोन वर्षांनी इंधन बदलण्यासाठी भट्टी थांबते तेव्हा ठेकेदार जी हंगामी माणसे घेतात, त्यांत प्रथम शिरकाव करून पाहावा. तोवर कोळशाच्या वा वायूच्या वीजकेंद्रातही त्याची विद्या वाया जात नाही.

आमच्या सन्मित्रांना आमचा एकच प्रश्न आहे. चाचणीत सापडून, उपचार घेऊन, पाच वर्षे निर्दोष राहिलेला एक; आणि कधीच न सापडलेला दुसरा. भट्टीपाशी रात्रपाळीला यांपैकी कोणाची चूक आपणांस सकाळी कळेल, असे त्यांना वाटते? उत्तर त्यांनी याच पृष्ठांवर द्यावे. रविवारच्या चहाच्या पेल्यावर नको.