आधी बघा, मग मलम लावा

तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडसमोर माझं औषधांचं दुकान आहे. जांघेतलं दुखणं घेऊन आलेलं गिऱ्हाईक मला लगेच ओळखू येतं. ते गर्दी ओसरायची वाट बघतं, आधी डोकेदुखीची गोळी मागतं आणि मग हळूच म्हणतं, “भाऊ, ती खाजेची ट्यूब द्या.” कुठे उठलंय, कसं दिसतंय, असं विचारलं की मान खाली जाते. माझं म्हणणं एवढंच, की नुसतं बघून ओळखता येणारं हे दुखणं आपल्याकडे कुणीच बघत नाही. आणि न बघता दिलेल्या मलमाने ते बिघडतं.

बऱ्याचदा ती साधी केसांच्या मुळांची सूज असते. केस ज्या बारीक पिशवीतून उगवतो, तिच्यात जंतू शिरतात. हे काम बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूचं असतं. तो कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात आणि कातडीवर एरवीही असतो. वाट मिळाली की आत जातो. ही वाट कशी मिळते, ते काउंटरवरून रोज दिसतं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं घट्ट नायलॉनची चड्डी घालून पहाटे धावतात आणि घामेजलेल्या चड्डीतच अभ्यासाला बसतात. लग्न ठरलेली मुलंमुली जुन्या ब्लेडने कोरडेच केस काढतात. ट्रकवाले दिवसभर रेक्झिनच्या सीटवर घामात बसून असतात.

ओळखायची खूण सोपी आहे. बारीक बारीक पुळ्या, काहींच्या टोकाला पू आणि बरोबर मधोमध केस. थोडी खाज, थोडी आग. गोऱ्या कातडीवर त्या लाल दिसतात. सावळ्या कातडीवर तपकिरी किंवा जांभळट. सूज खोल गेली की तिचं केसतोड होतं, कोकणात ज्याला करट म्हणतात.

उपायही साधे आहेत. पुळ्या बसेपर्यंत केस काढणं बंद. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ फडक्याने दहा-पंधरा मिनिटं शेक, दिवसातून तीन-चारदा. साध्या साबणाने धुऊन जागा कोरडी करायची, सैल सुती कपडे घालायचे, टॉवेल आणि ब्लेड कुणाशी वाटून वापरायचं नाही. पुळी फोडायची नाही, पिळायची तर नाहीच. सौम्य सूज साधारण आठवड्या-दहा दिवसांत उतरते. यासाठी माझ्या दुकानातली एकही ट्यूब लागत नाही.

पण जांघेत उठलेलं सगळंच असं नसतं. कडा उठावदार, मधे जरा निवळलेलं आणि पसरत जाणारं चकंदळ असेल तर ते गजकर्ण, म्हणजे बुरशी. रात्री खाज वाढते आणि घरातले बाकीचेही खाजवतात, तेव्हा खरजेचा संशय घ्यावा. पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका आणि आग हर्पिसची असू शकते. काखेत आणि जांघेत त्याच त्या जागी दुखऱ्या गाठी येणं, फुटणं, व्रण राहणं हा हिड्राडेनायटिस नावाचा वेगळाच आजार. तो ओळखण्यात माणसाची वर्षं जातात, आणि तोवर तो ‘उष्णतेची गळवं’ म्हणून अंगावर काढत असतो. या प्रत्येकाचं औषध निराळं आहे.

आमच्या धंद्यात मात्र सगळ्यांना एकच उत्तर दिलं जातं. स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेली ट्यूब. दोन दिवसांत लाली आणि खाज कमी होते, गिऱ्हाईक खूश. पण स्टिरॉइडने तिथली प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. जांघेची कातडी मुळात पातळ, ती आणखी पातळ होते आणि तिच्यावर कायमचे पट्टे उमटतात. सरकारने 2018 साली अशी अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी ती विकली जातात. ‘मी नाही दिली तर शेजारचा देईल’ हे आमच्या लोकांचं ठरलेलं उत्तर. ते खरं आहे, पण म्हणून बरोबर ठरत नाही.

दोष एकट्या दुकानदाराचाही नाही. “डॉक्टरांनी बघितलं कुठं? विचारलं आणि लिहून दिलं,” असं चिठ्ठी पुढे करणारे कितीतरी जण सांगतात. दवाखान्यात धड पडदा नसतो, बाई पेशंट असेल तर सोबत नर्स नसते. त्वचेचे डॉक्टर जिल्ह्याच्या गावी. जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. वर दारावर ‘त्वचा व गुप्तरोग’ अशी पाटी. तिच्याखाली ओळखीचं कुणी बघेल या धास्तीने माणूस पुन्हा माझ्याच काउंटरवर येतो. एक पडदा, दिवा आणि दोन मिनिटं, एवढी सोय प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते.

घरच्या उपायांनी दहा दिवसांत फरक पडला नाही, पुळ्या पुन्हा पुन्हा आल्या किंवा गाठ वाढत गेली, तर डॉक्टरांना दाखवाच. पुळ्या वारंवार येत असतील तर रक्तातली साखरही तपासून घ्या. ताप आला, सूज झपाट्याने पसरली, असह्य दुखू लागलं किंवा कातडी काळी पडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मधुमेह असलेल्यांनी तर तासभरही थांबू नये.

आणि माझ्या काउंटरवर आलात, तर ट्यूबचं नाव सांगू नका. काय दिसतंय ते सांगा. चिठ्ठीशिवाय मी स्टिरॉइड दिलं नाही, तर रागावून शेजारच्या दुकानात जाऊ नका. डॉक्टरांकडे जा आणि बघायला सांगा.